जाळीतलं शेवाळ

घोट्याएवढ्या पाण्यातही पळेल अशी जेट बोट मी आणि दादानं घरच्या शेडमध्ये बनवली. तिला बाहेर पंखा नाही. जाळीमागे आत फिरणारं पातं बुडातून पाणी ओढतं आणि मागून जोरात फेकतं.

पहिल्याच फेरीत जाळी शेवाळानं तुंबली. बोट वाळूवर कलती करून दादानं आत हात घातला. "काढ तू, मी आहे इथे," मी म्हणालो आणि गंमत म्हणून इंजिनाचं बटण दाबलं. त्याची दोन बोटं गेली.

घरी मी सांगितलं की इंजिन बंद करायला दादाच विसरला. त्यानं मला खोटं पाडलं नाही. वहिनी तर अजून म्हणते, "भाऊजी होते म्हणून हे वाचले."

महिना झाला, बोट शेडमध्ये कुशीवर पडून आहे. इंजिन मी काढून टेबलावर ठेवलंय. तरी रोज दुपारी जाळीत ओलंचिंब शेवाळ असतं. मी ते तारेच्या आकड्यानं गुपचूप काढतो. हात घालायची हिंमत होत नाही.

आज दादा मागे येऊन उभा राहिला. त्यानं माझ्या हातातला आकडा काढून घेतला.

"हातानं काढ. मी आहे इथे."

मी मनगटापर्यंत हात आत घातला. दादा इंजिनाच्या रिकाम्या जागेपाशी हाताची घडी घालून बघत होता.

माझ्या बोटांना टेकलेलं पातं सावकाश फिरायला लागलं.