मिसेस ऑग्डन यांचा परवाना

"पाळलेले उंदीर किती आणि बिनपाळलेले किती?" गुडघे धरून खाली बसत डेस्मंडने विचारलं.

"पाळलेले पिंजऱ्यात आहेत. बाकीच्यांची मी हजेरी घेत नाही," मिसेस ऑग्डन म्हणाल्या.

नगरपालिकेत डेस्मंडकडे दोन कामं होती. गावातले उंदीर मारायचे, आणि उंदीर विकणाऱ्या दुकानांना परवाने द्यायचे. दोन्हींचा त्याला सारखाच कंटाळा आला होता. आजची तपासणी तर नकोशीच होती. महिनाभर कुणी बाई ऑफिसात निनावी फोन करत होती, ऑग्डनच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात घुशी शिरल्यात, म्हणून. लेंड्या सापडल्या की परवाना रद्द, आणि अठ्ठ्याहत्तरीच्या विधवेच्या दुकानाला कुलूप.

"अजून बंद करायची वेळ नाही झाली गं!"

डेस्मंड दचकला. काउंटरवरचा राखाडी पोपट. आवाज मात्र हुबेहूब त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा, आर्थर ऑग्डनचा.

"संध्याकाळी मी दिवा मालवायला गेले की आर्थर हेच म्हणायचा," मिसेस ऑग्डन म्हणाल्या. "जाताना शब्दही घेतला माझ्याकडून. स्वतःहून दुकान बंद करायचं नाही."

"आणि लेक काय म्हणते?"

"ये म्हणते. समुद्राकडची खोली तयार ठेवलीय."

"मग इथलं कोण बघणार?"

"तेच तर."

दाण्याच्या पिंपामागे त्याचा हात थांबला. लेंड्या. चांगल्या मूठभर. मिसेस ऑग्डन श्वास रोखून बघत होत्या.

पण पोतं कुठे कुरतडलेलं नव्हतं. घुशींच्या येण्याजाण्याने भिंतीला तेलकट पट्टा उठतो, तोही नव्हता. ह्या लेंड्या पिंजऱ्यातल्याच होत्या, कुणीतरी आणून टाकलेल्या. शेजारच्या खाटकाला ही जागा केव्हाची हवी होती. फोन त्याच्याच बायकोचे असणार.

डेस्मंडने लेंड्या गुपचूप पिशवीत भरल्या आणि पिशवी कोटाच्या खिशात टाकली. इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

"काही नाही मिळालं."

"नीट बघ रे. ओळखीचा म्हणून सूट नको देऊस."

"बघितलं. परवाना पक्का. आता तीन वर्षं तुम्हाला कुणी हात लावणार नाही."

मिसेस ऑग्डननी काउंटरची कड घट्ट धरली. त्यांचे डोळे भरून आले.

"फार भला आहेस तू," त्या हळूच म्हणाल्या.

कोपऱ्यावर गाडीत बसून तो थर्मासातला चहा ओतत होता, तेवढ्यात ऑफिसातून मॉरीनचा फोन आला.

"तीच बाई परत. आता तूच बोल बाबा, माझं डोकं उठलंय. जोडून देते."

तोंडावर रुमाल धरल्यासारखा घोगरा आवाज आला. "तुमचा माणूस आंधळा आहे का? पिंपामागे मूठभर लेंड्या होत्या! दुसरा कुणीतरी पाठवा आणि ते दुकान एकदाचं—"

तिच्या मागून आर्थर ऑग्डन ओरडला, "अजून बंद करायची वेळ नाही झाली गं!"