बाबांचा पंचा

आईच्या मानेवरचा लालबुंद फोड पाहून योगिनीने लगेच डॉक्टरांना फोन केला. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. डास चावला म्हणत त्यांनी आठवडा काढला, मग नेहमीची औषधं त्या जंतूंवर चाललीच नाहीत. “पुळी आहे गं, फोडली की बसेल,” आई म्हणाली. “हात लावू नकोस, आई!” कल्याणच्या डॉक्टरांनी पू तपासायला लगेच बोलावलं होतं, फोनवर विचारलं होतं, “वडिलांचा टॉवेल कुणी वापरतंय का?” आईने उशीखालून बाबांचा पंचा काढून छातीशी धरला. बाबा गेल्यापासून ती तो मानेखाली घेऊन झोपत होती, न धुता. योगिनीने पंचा उकळायला गॅसवर ठेवलेलं पाणी उकळत होतं. “उकळलास तर त्यांचा वास जाईल.” “आणि तू गेलीस तर?” आईने पंचा पाण्यात सोडला. वाफेबरोबर बाबांच्या तपकिरीचा वास दरवळला. डोळे मिटून तिने श्वास घेतला आणि गॅस मोठा केला.