वर पाऊल टाकण्याआधी

“तोंड आहे ना तुला? मग वर असताना का नाही उघडलंस?” खलाशांचा म्होरक्या तांडेल म्हणाला, आणि डेक घासणारे खलाशी खाली माना घालून हसले.

तिने हातातला दोर फळ्यांवर आपटला. डोलकाठीवर सरसर चढायची म्हणून जहाजावर सगळे तिला खारूताई म्हणत. एरवी त्या नावात लाड असायचा. आज तांडेलाच्या तोंडी ते शिवीसारखं वाजत होतं.

“मी हाक दिली होती,” ती म्हणाली. सकाळपासून हेच म्हणून म्हणून तिचा घसा सुकला होता.

“देवाने ऐकली असेल मग. माणसांनी तर नाही ऐकली.”

भांडण एका हाकेचं होतं, पण शिडाच्या जहाजावर तेवढ्या हाकेवर जीव टांगलेला असतो. उंचावर डोलकाठीला आडवा वासा, वाशाला शीड, आणि वाशाखाली बांधलेला एकच दोर. त्या दोरावर पाय देऊन सगळ्यांनी शीड गुंडाळायचं. नव्या माणसाने पाऊल टाकलं की दोर ताणला जातो आणि आधीच्या माणसाच्या पायाखाली हिसका बसतो. म्हणून पाऊल टाकण्याआधी “येते!” अशी हाक द्यायची, म्हणजे वरचा माणूस घट्ट धरतो. शिकाऊ पोरांना गाठ मारायला नंतर शिकवतात, ही हाक आधी.

काल दोरावर जहाजावरची जुनी खलाशीण आक्का एकटीच होती. पुढे सरकायला तिने कमरेच्या पट्ट्याचा आकडा सोडला आणि नेमकं त्याच क्षणी खारूताईने दोरावर पाऊल टाकलं. आक्काचे पाय निसटले. ती एका हातावर लोंबकळली, खांदा निखळला. खारूताईने तिच्या कमरेला मिठी मारून तिला ओढून घेतलं, ते कसं ते तिचं तिला ठाऊक. खाली उतरल्यावर शाबासकी राहिली बाजूला, पहिला प्रश्न हाकेचा आला.

डेकवर कुणी ती ऐकली नव्हती. इतक्या खाली ऐकू येत नाहीच. पण त्याच दोरावरच्या माणसाला यायलाच हवी. तेव्हा कप्तानाने फार घोळ घातला नाही. आक्का बंदरातल्या दवाखान्यातून परतली की तिला विचारायचं. हाक नसेल, तर पोरीने आजच सामान उचलायचं.

सामानाचं काय, एक पिशवी. पण न सांगता दोरावर चढणाऱ्याला पुढे कुठलंच जहाज घेत नाही. जहाज पोचण्याआधी त्याची कीर्ती बंदरात पोचते. भावाशी उभा दावा मांडून ती इथवर आली होती. शिकाऊपणाची ही शेवटची सफर, पुढे कायमची जागा. आणि हे हसणारे! यांच्यातल्या कितीजणांना तिने वर स्वतः सावरून धरलं होतं. तिला वाटलं, एकेकाला बखोटीला धरून पाण्यात बुचकळावं.

एकच आधार होता, आक्का. आक्काचा सगळा जन्म शिडांखाली गेला होता. किनाऱ्यावर तिला ना घर, ना माणूस. हिला जहाजावर घ्या म्हणून कप्तानापुढे हट्ट धरला तो तिनेच. आणि पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “माझ्याशी बोलायचं तर तोंडाकडे बघून बोल. पुटपुटणाऱ्या बाईला इथे कुणी विचारत नाही.” खारूताईने तो गुरुमंत्र मानला. पाठीमागून कुणी काही बोललं तर आक्का ढिम्म हलत नसे. खुद्द तांडेलालाही वळसा घालून समोर यावं लागे. ते बघताना खारूताईचा ऊर भरून यायचा. बाईने मान घ्यावा तर असा.

दुपारी आक्का आली. हात गळ्यात बांधलेला. शिडीवरून चढली ती थेट डोलकाठीपाशी गेली आणि मान वर करून काल पायाखालून निसटलेला दोर न्याहाळत उभी राहिली.

खारूताई धावतच तिच्या मागे गेली. बंदरात वारा मेला होता, पाणी तेलासारखं पडलं होतं.

“आक्का, सांग यांना,” ती म्हणाली. आक्का वरच बघत होती. सकाळपासून कोंडलेला संताप मग एकदम फुटला. “तू तरी गप्प बसू नकोस! सांग, मी हाक दिली होती!”

दूर धक्क्यावरचे हमाल वळून बघू लागले. आक्का वळली नाही.

खारूताई जागच्या जागी थबकली.

थोड्या वेळाने आक्का आपणहून फिरली. समोर पोर दिसताच तिचा चेहरा उजळला. “अगंबाई, तू कधी येऊन उभी राहिलीस?”

तेवढ्यात कप्तान आला, मागे तांडेल. कप्तान आक्काच्या पुढ्यात उभा राहिला आणि त्याने सरळ विचारलं, काल हाक आली होती का.

“नाही आली,” आक्का म्हणाली. “खोटं कसं बोलू? पण ही पोर लबाड नाही हो. दिली म्हणते, तर दिली असणार.”

“दोन्ही खरं कसं असेल?”

आक्का उत्तर द्यायला गेली आणि अडली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने एकदा खारूताईकडे पाहिलं, एकदा वरच्या दोराकडे. मग खोल श्वास घेऊन तिने बोलायला तोंड उघडलं.

खारूताई मध्ये आली. आक्काकडे पाठ करून ती कप्तानासमोर उभी राहिली.

“आक्का म्हणते तेच खरं,” ती म्हणाली. “मी हाक दिली नव्हती.”