खिडकीजवळची खाट

लांबूचा फोन आला तेव्हा मिस्त्री नव्या खाटेच्या पायाला पॉलिशपेपर मारत होते. लांबू म्हणजे परदेशात शिकणाऱ्या त्यांच्या मुलासोबत, सोन्यासोबत, एका खोलीत राहणारा पोरगा. तो स्वतःहून कधी फोन करत नसे. मिस्त्रींनी हात पुसले आणि फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे आजारी बहिणीला, मिस्त्रींच्या बायकोला, बघायला आलेल्या मेहुण्यालाही ऐकू यावं.

लांबूने बरेच आढेवेढे घेतले, मग एका दमात सगळं सांगून टाकलं. सोन्याचं नाव कॉलेजातून कमी झालं होतं. शिकायला म्हणून आलेला माणूस शिकत नसेल तर त्याला तिथे राहू देत नाहीत. त्यामुळे व्हिसाही रद्द झाला होता.

मेहुण्याने कपाळावर हात मारला. मिस्त्री खाली वाकून खाटेवरचा भुसा झटकत राहिले.

"मग आता घरी कधी पाठवतायत त्याला?" त्यांनी विचारलं.

"तेच तर सांगतोय, काका. तो खोली सोडून गेलाय. फोन बंद आहे. कुठे गेलाय, कुणालाच ठाऊक नाही."

आता मात्र मिस्त्री मटकन खाली बसले. अजून पॉलिश न लागलेल्या त्या खाटेवरच बसले.

मेहुण्याने फोन आपल्याकडे ओढून लांबूची उलटतपासणी सुरू केली. पोरगा कुणाच्या नादी लागला होता का? वर्गात जात होता की नुसता भटकत होता? लांबू म्हणाला, सोन्याचा एकही तास बुडत नव्हता. मी काही केलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगायचा आणि रडायचा. कॉलेजवाले म्हणाले, तुझ्याच खात्यावरून नाव काढायचा अर्ज आलाय.

"असंच सांगणार तो," मेहुणा फोन ठेवत म्हणाला. "बापाच्या डोळ्यांत धूळ फेकली पोराने."



डोळ्यांत धूळ जायला खरं तर जागाच नव्हती. जायच्या आदल्या दिवशी सोन्याने कॉलेजचं आपलं खातं वडिलांच्या मोबाईलवर उघडून दिलं होतं. हजेरी, मार्क, विषय घेणं, सोडणं, सगळं यातूनच चालतं, तेव्हा नुसतं बघा, उगाच कुठे बोट लावू नका, असं बजावलंही होतं. तेव्हापासून मिस्त्री रोज सकाळी रंध्याला हात लावण्याआधी पोराची हजेरी बघायचे. दाराची चौकट करून घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकालाही ती बघावी लागे. बिचारी माणसं चौकटीचा भाव विचारायला यायची आणि सोन्याचे मार्क ऐकून जायची.

"तुम्ही तर रोज बघता," मेहुण्याला एकदम आठवलं. "नाव कमी झालेलं दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?"

मेहुण्याला त्यांची कीव आली. आतल्या खोलीत बहीण अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते. कुणाला भेटवायचं असेल तर बोलावून घ्या, असं स्पष्टच सांगितलं होतं. मिस्त्रींनी सोन्याला बोलावलंही होतं. त्या दिवशी मेहुणा इथेच होता. सोन्या फोनवर म्हणाला होता, "बाबा, मधेच आलो तर हजेरी भरत नाही. हजेरी नाही तर नाव जातं, आणि नाव गेलं की व्हिसा काढून घरी पाठवतात. एवढी परीक्षा होऊ द्या. आईला सांगा, मी येतोच." आई मागून म्हणत होती, राहू दे त्याला, शिकू दे.

परीक्षा अजून लांब होती. आईचं काही सांगता येत नव्हतं.

"आता नाव गेलंच आहे, तर यायचं ना सरळ," मिस्त्री कुणाला तरी समजावत असल्यासारखे बोलले. "लपायचं कशाला? घर आहे, आई आहे."

"कसा येईल?" मेहुणा चिडला. "निघताना तुम्हीच सगळ्यांदेखत बजावलं होतंत त्याला. पदवी हातात असल्याशिवाय हा उंबरा ओलांडायचा नाही म्हणून."

"गंमत केली होती मी."

"पोराला नाही कळली ती गंमत."

मिस्त्रींनी पुन्हा लांबूला फोन लावला. तिथल्या पोलिसांत जा म्हणाले, त्याला शोधायला सांग. लांबू चाचरला. सापडला तर आधी कोठडीत टाकतील, म्हणाला. "टाकू देत," मिस्त्री म्हणाले. "पण घरी पाठवू देत." त्यावर लांबू जे बोलला, ते ऐकून मेहुण्यानेही मान फिरवली. तिथे असे लपून राहणारे पुष्कळ होते. कुठल्या कुठल्या तळघरांत भांडी घासत वर्षंच्या वर्षं काढायचे. आणि सोन्या जाताना एवढंच म्हणाला होता, की आता बाबांना तोंड दाखवायचं नाही.

मिस्त्री उठले. मेहुण्याला म्हणाले, एक बाजू धर. दोघांनी खाट आत नेली आणि खिडकीजवळ, आजारी बाईच्या पलंगाला लागून ठेवली. व्हिसाचं कळायच्या आधीपासून मिस्त्री ती करत होते. कुणासाठी, असं मेहुण्याने विचारलं होतं तेव्हा म्हणाले होते, येईल कुणी.

बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. गेले कित्येक दिवस ती नवऱ्याशी बोलत नव्हती. आजाराने माणूस असा होतो, अशी मेहुण्याने स्वतःची समजूत घातली होती. दार उघडं होतं. तिने सगळं ऐकलं होतं.

"येईल तो," मिस्त्री तिच्या उशाशी बसले. "इथेच झोपेल. तुझ्याजवळ."

ती सावकाश कुशीवर वळली. खाटेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"मी तुमचा हात धरला होता," ती म्हणाली. "तरी तुम्ही मोबाईलवरून त्याचं नाव काढलंतच."