चौथा भुंगेरा

चौथ्या जागी नुसतं भोक होतं.

मावशीने खण उचलून दिव्याखाली धरला. बुचाच्या तळावर तीन जुने भुंगेरे पितळी पिनांवर टोचलेले होते. चौथ्याची चिठ्ठी होती, चौथा नव्हता. भोकाभोवती हिरवं कडं उमटलं होतं. पितळी भांड्यात आंबट राहिलं की धरतो तसला कळंक या पिनांना भुंगेऱ्याच्या अंगातल्या चरबीने धरतो.

"काय झालं गं, मावशी?" भाचीने विचारलं. संग्रहालयात मॅडम म्हणायचं असं दोघींचं ठरलं होतं, पण भाचीला ते कधीच जमलं नाही.

"एक कमी आहे."

खिडकीपाशी सर चहा पीत बसले होते. याच संग्रहालयातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते रोज सकाळी यायचे. मावशीला या कामात बोट धरून त्यांनीच आणलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"या कपाटाची चावी कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. आणि हिच्याकडे."

सर खुर्चीतच वळले. भाचीच्या टेबलावरच्या डबीकडे बघत राहिले.

त्या डबीसाठीच तर खण उघडला होता. एरवी जुन्या भुंगेऱ्यांना कुणी हात लावत नसे, इतके ते ठिसूळ झाले होते. ताडून बघायला काचेच्या पेटीतला सरांचा भुंगेरा होता. ही जात संपली असं सगळे म्हणत असताना सरांनी तरुणपणी एकट्याने डोंगरावर जाऊन तो पकडला होता. त्यावर त्यांचं नाव झालं. पुढे कितीजण त्या डोंगरावर दगड उलटून आले, पण कुणालाच दुसरा मिळाला नाही.

आणि आता भाचीला मिळाला होता. तोही डोंगरावर नाही, गावाबाहेरच्या ओढ्याकाठी, कुजक्या ओंडक्याखाली. तिने रीतीप्रमाणे उजव्या पंखातून स्टीलची पिन घालून तो वाळवला होता. मावशीने आठवडाभर भिंगाखाली खात्री केली होती. पाठीवरच्या रेघांतले खळगे तेच, मानेच्या कोपऱ्यावरचा एकुलता एक केस तोच, पुढच्या पायावरची मिशा साफ करायची खाचही तीच. ती इतकी हरखली होती की बहिणीला फोन करून म्हणाली, "तुझी लेक माझ्या पुढे गेली." नक्की करायचं म्हणून शेवटी मूळ खण काढला, आणि हे निघालं.

वाळलेला भुंगेरा मागच्या वर्षीचा की शंभर वर्षांपूर्वीचा, हे वरून कुणालाच सांगता येत नाही.

"सर, तुम्हाला काय वाटतंय ते मला कळतंय," भाची म्हणाली. "मावशी, तू याची पिन काढ आणि याच्या अंगातलं भोक बघ."

"आणि मोडला म्हणजे?" सर शांतपणे म्हणाले. "मग पुरावाही गेला आणि भुंगेराही. हुशार आहे पोरगी." मग ते मावशीकडे वळले. "तुला त्रास होणार, मला कळतं. पण कुंपणानंच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला?"

मावशी डबीकडे बघत राहिली. या पोरीला तिने लहानपणी काड्यापेटीत किडे भरताना पाहिलं होतं. आपल्याला मूल नाही याचं दुःख तिला हिच्यामुळेच झालं नव्हतं. आणि हिनेच केसाने गळा कापला.

"मावशी, तू तरी बघ ना."

"चावी ठेव," मावशी म्हणाली.

भाचीने चावी टेबलावर ठेवली. पुन्हा विनवलं नाही, रडलीही नाही. दारात थांबून एवढंच म्हणाली, "आईला मीच सांगते. तू फोन करू नकोस."

मावशीने वरिष्ठांना कळवलं. भाचीची जागा गेली, पदवीचं काम बंद पडलं. बहिणीने बोलणं टाकलं. सर रोज येत राहिले, मावशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणत राहिले, "तू योग्य तेच केलंस." त्या हातामुळेच ती उभी होती.

चोरीचा भुंगेरा मूळ जागी जायला हवा होता, त्याच्या पितळी पिनेवर, त्याच्या चिठ्ठीशेजारी. त्यासाठी मावशीने तो ओल्या वाळूच्या झाकणबंद डब्यात ठेवून मऊ केला आणि चिमट्याने स्टीलची पिन ओढून काढली. सवयीने भोक भिंगाखाली धरलं.

आत कळंक नव्हता. भोक स्वच्छ होतं.

तिने भिंग पुसलं, दिवा जवळ ओढला, पुन्हा पाहिलं. हा भुंगेरा कधीच पितळी पिनेवर बसला नव्हता. पोरगी ओढ्याकाठी वाकून ओंडके उलटत होती, तेव्हा खरंच उलटत होती. तिने फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय तोंडाने बोलणार होती?

मग चौथा गेला कुठे?

सर अजून यायचे होते. तिची नजर काचेच्या पेटीवर गेली. भुंगेरा ज्याने पकडला त्यानेच त्याच्या पिनेला हात लावायचा, असा सरांचा दंडक होता, आणि इतक्या वर्षांत तो कुणी मोडला नव्हता. तिने पेटी उघडली, सरांचा भुंगेरा ओल्या वाळूवर ठेवला, झाकण लावलं आणि समोर बसून राहिली.

मऊ झाल्यावर तिने चिमटा घेतला. स्टीलची पिन चकचकीत निघाली, आणि भोकाच्या कडेला आतून हिरवा कळंक होता.