तिच्या जागी

“जरा डावीकडे सरका. अजून थोडं. बस्स.”

फोटोग्राफरने कॅमेऱ्याला डोळा लावला. जहाजाच्या मागच्या डेकवर, कठड्याला टेकून राखाडी स्वेटरातल्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या पाठीमागे बंदराचं शहर एकेक दिवा लावत होतं. नुकतंच अंधारलं होतं. उंच इमारतींचा उजेड पाण्यात सांडून हलत होता. आता कुठल्याही क्षणी जहाज धक्का सोडणार होतं.

बाई काही ओळखीच्या नव्हत्या. तो तिवई उभी करण्याच्या खटपटीत असताना जवळ आल्या आणि म्हणाल्या, इंजिनाची थरथर आहे, तिवईवर फोटो हलेल, हातात धरूनच काढा. त्याला आधी रागच आला. उभा जन्म फोटो काढण्यात घालवलेल्या माणसाला ही शिकवणी. पण म्हणणं खरं होतं. त्याने तिवई मिटली आणि विचारलं, बायको येईपर्यंत जरा तिच्या जागी उभ्या राहाल का? उजेडाचा अंदाज घेऊन ठेवतो. ती आली की फार वेळ थांबायची नाही, तिला फोटोचा कंटाळा आहे.

“फोटोचा, की फोटोग्राफरचा?” बाईंनी विचारलं.

तो हसला. पण लागायचं ते लागलंच.

परक्या माणसाजवळ मन मोकळं करणं सोपं असतं. त्याने सांगून टाकलं. स्टुडिओ होता त्याचा, बाजारपेठेत, वरच्या मजल्यावर. लग्नसराईत जेवायलाही उसंत नसायची. लोकांची लग्नं, लोकांची बारशी, लोकांची नातवंडं. बायको सोबत असायची, दिवा धरून उभी. आणि उजेड धरणारं माणूस फोटोत कधी येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. तिचा धड एक फोटो घरात नव्हता.

स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता. रात्रीचं बंदर, उंच इमारती, पाण्यात दिवे. नवी जोडपी हौसेने त्यापुढे उभी राहत. पडदा झटकता झटकता बायको एकदा म्हणाली होती, मला कधीतरी खऱ्यासमोर उभं करा. तो म्हणाला होता, हा हंगाम जाऊ दे. मग पुढचा. हंगाम काही संपले नाहीत, केस मात्र पांढरे झाले. शेवटी मुलीने हट्टाने या सफरीची तिकिटं काढून दिली.

“आणि आता आलोय, तर ती हाती लागत नाही,” तो म्हणाला. “सकाळी जाग येते तर शेजारी नाही. जेवायला माझ्या टेबलावर नाही. कुणालाही विचारा, येतील म्हणतात. येत नाही.”

“रागावल्यात का तुमच्यावर?”

“रागावली असती तर बरं झालं असतं. भांडलो असतो, मिटलं असतं. ही बोलतच नाही.”

बाई पाण्याकडे बघत राहिल्या. “बोलत असेल हो,” त्या म्हणाल्या. “तुमच्यापर्यंत पोचत नसेल.”

भोंगा झाला. पायाखालची थरथर वाढली आणि धक्का हळूच मागे सरला. फोटोग्राफरने जिन्याकडे पाहिलं. एक कुटुंब वर आलं, हसत पुढे गेलं. पुन्हा पाहिलं. जिना रिकामा होता. दिवे सरकू लागले होते, त्याने मनात आखलेली चौकट मोडत चालली होती.

“अहो, दाबा ना बटण,” बाई म्हणाल्या. “दिवे चालले.”

त्याने कॅमेरा खाली घेतला. “नको. हा फोटो तिचा आहे.”

“काढून तर ठेवा. तिला काय कळतंय?”

“मला कळेल ना. तिला बाजूला ठेवून दुसऱ्यांचे फोटो काढायचे, जन्मभर तेच तर केलं.” मग त्याचा त्यालाच आवाज कडक वाटला. “राग मानू नका. पण जरा बाजूला होता का? निदान दिवे तरी नेऊन दाखवतो तिला.”

बाई लगेच हलल्या नाहीत. केसांवरून हात फिरवत तशाच उभ्या राहिल्या, फोटोसाठी राहतात तशा. मग हळूच चौकटीबाहेर गेल्या.

तो भराभर फोटो काढत सुटला. उंच इमारती, त्यांची लांबत जाणारी प्रतिबिंबं, आणि पुढे रिकामा कठडा. शहर बारीक होत होत एक उजळ रेघ उरली. त्याने मागे वळून पाहिलं तर बाई पाठ करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. त्याने रुमाल पुढे केला. ज्याचं त्याचं दुःख, विचारणार तरी कसं?

“नशीबवान आहे तुमची बायको,” डोळे पुसून बाई म्हणाल्या.

“तिलाच सांगा एकदा,” तो म्हणाला.

परतताना त्याची वाट चुकली. जहाजावर सगळेच बोळ सारखे, सगळीच दारं सारखी. बाई दारापर्यंत सोबत आल्या. दारात तो अवघडला.

“इथूनच परता तुम्ही. ती आत असली आणि तिने पाहिलं, तर उगाच गैरसमज.”

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

त्याने दार लोटून घेतलं. खोलीत कुणी नव्हतं. दोन्ही उशांचे अभ्रे ताजे, सुरकुती नसलेले. त्याने कॅमेरा तिच्या उशीवर ठेवला, आल्या आल्या दिसेल असा, आणि कुशीवर वळून वाट बघत पडला. अंधारात सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. बाहेर खोल्या आवरणारी बाई कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होती.

“ताई, साहेबांना झोप लागेपर्यंत आजही बाहेरच थांबणार ना? बसा, खुर्ची आणते.”