आईविना कळप

यंत्राच्या गर्भात वाढलेल्या त्या कस्तुरीबैलांना आई अशी नव्हतीच. ग्रीनलंडच्या या किनाऱ्यावरचे त्यांचे पूर्वज शिकारीत केव्हाच संपले होते. हेमांगीने त्यांना बाटलीने दूध पाजून वाढवलं आणि आज कुंपण उघडून मोकळं सोडलं. थोड्याच वेळात लांडगे आले.

बैल सैरावैरा पळू लागले. पिल्लांना मध्ये घेऊन शिंगं रोखायची, हे त्यांना शिकवणार कोण? हेमांगी हाका मारत कळपात धावली.

"मागे फीर!" तिचा सहकारी इनुक जीपमधून ओरडला.

एकाएकी बैल थबकले आणि अंगाला अंग भिडवून त्यांनी कडं केलं. लांडगे घुटमळले, मग निघून गेले.

"हेमांगी, कुठेयस?"

लोकरीच्या उबेत दबलेली हेमांगी हसत-रडत म्हणाली, "इथे, मधोमध. मलाच पिल्लू केलंय रे यांनी!"